काऊंट नॉर्मल आले, मग कॅप्सूल बंद केली तर चालेल का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे सासरे 66 वर्षांचे, आम्ही वाळपईजवळ राहतो, काजूची बागायत आहे. दोन वर्षांमागे आंघोळ झाली की त्यांना अंगभर एवढी खाज सुटायची की अर्धा तास टॉवेलने अंग घासत बसायचे, चेहरा लालबुंद, डोकं जड. हिमोग्लोबिन 19 च्या वर निघालं म्हणून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं, तिथे जॅक-टू ही जनुकाची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे रक्त दाट होण्याचा आजार, सांगितला. उपचार म्हणून तीनदा रक्त काढलं, मग ॲस्पिरिन 75 आणि हायड्रॉक्सीयुरियाची 500 ची कॅप्सूल सुरू झाली. आता रक्तपेशींचे सगळे काऊंट नॉर्मल आहेत, पण शेजाऱ्यांनी सांगितलं की ही कीमोची गोळी, बरं वाटत असताना कशाला घेता, म्हणून त्यांनी दहा दिवस झाले बंद केलीय. नखांवर काळ्या रेघा आल्यात त्यालाही ते घाबरलेत. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) 114 आहे आणि आयर्न कमी आहे, म्हणून कुणीतरी रक्तवाढीचं टॉनिक आणून दिलंय. गोळ्या डबीत माझी जाऊ भरते, ती गरोदर आहे. काय करावं?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ते टॉनिक बाजूला ठेवा, आजच. मग ज्या डॉक्टरांकडे ट्रीटमेंट चालू आहे त्यांना उद्या सकाळी फोन करा, दहा दिवस गोळी बंद होती हे न लपवता सांगा, ते सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची टेस्ट, करून किती आणि कधीपासून घ्यायची ते सांगतील. राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरून काढायच्या नाहीत, आणि ॲस्पिरिनही मनाने बंद करायची नाही.

आता कारण सांगते, कारण कळल्याशिवाय सासरे ऐकणार नाहीत. या आजारात हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, गरज नसताना लाल पेशी बनवतच राहतो आणि रक्त दाट होतं. दाट रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर पॅरालिसिस, हृदयात गेली तर ॲटॅक, कधी लिव्हरच्या शिरेतही अडकते. पेशी नवीन बनायला डीएनए लागतो, त्याचा कच्चा माल तयार करणाऱ्या एन्झाइमला हायड्रॉक्सीयुरिया अडवतं, म्हणून मॅरोचा वेग मंदावतो. पण आजार मुळातून जात नाही. काऊंट नॉर्मल आहेत ते गोळी चालू होती म्हणून आहेत, गोळी काढली की ते हळूहळू परत वर चढतात, आणि माणसाला गुठळी होईपर्यंत कळतही नाही. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, 45 टक्क्यांच्या खाली ठेवायचं हे उगाच नाही म्हणत, इटलीत 365 पेशंटांचा अभ्यास झाला, 2013 मध्ये छापून आला, ज्यांचं 45 ते 50 मध्ये ठेवलं होतं त्यांच्यात हृदयविकार-गुठळीने मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या जवळजवळ चौपट निघाल्या.

आयर्न कमी का, तर रक्त काढलं की त्याबरोबर लोह जातं, आणि ते कमी असलं की मॅरोला पेशी बनवायला सामान कमी पडतं, आपल्याला तेच हवंय! टॉनिक म्हणजे विझत आलेल्या चुलीत लाकूड घालणं. फारच थकवा वगैरे असेल तर लोह द्यायचं की नाही ते हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, ठरवतील, शेजारी नाही.

एमसीव्ही 114 बघून घाबरू नका. या औषधाने लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, आम्ही तर त्यावरून ओळखतो की पेशंट गोळी नीट घेतोय. नखांच्या काळ्या रेघा पण औषधाच्याच, त्रास देत नाहीत.

कीमोची गोळी हे खरं आहे, खोटं कशाला सांगू. पण शब्दाला घाबरून चालत नाही. हे औषध पहिल्यांदा 1869 मध्ये तयार झालं, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांनाही देतात. केस झडणं, सतत उलट्या, असं जे आपण कीमो म्हटलं की डोळ्यासमोर आणतो ते या डोसला सहसा होत नाही. होतं काय, तर पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट जास्तच खाली जाऊ शकतात, म्हणून सीबीसी चुकवायची नाही, ती औषधाचाच भाग समजा. ताप 100.4 च्या वर गेला, तोंड आलं, हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच दिवशी दाखवायचं, घरी काढा देत बसायचं नाही.

जावेला मात्र त्या डबीपासून आजपासून लांब ठेवा. गरोदर बाईने ही कॅप्सूल हाताळू नये. तुम्ही भरा, हातमोजे घालून, नंतर हात धुवा, कॅप्सूल फोडून पाण्यात घालायची नाही आणि फुटलीच तर ओल्या कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका.

बागायतीत जाऊ दे त्यांना, घरात बसवू नका. फक्त मार्च ते मेच्या उन्हात पाणी कमी पडलं की रक्त आणखी दाट होतं, तर बाटली बरोबर हवीच, फुल शर्ट आणि टोपी पण, कारण या औषधावर ऊन कातडीला बाधतं, बरीच वर्षं घेतली तर स्किन कॅन्सरही होऊ शकतो. नवीन तीळ किंवा न भरणारी खपली दिसली तर दाखवा.

आणि एक, काजूची बोंडं पायाने तुडवायचं काम यंदा दुसऱ्या कुणाला द्या. हायड्रॉक्सीयुरियावर घोट्याजवळ जखम होऊ शकते, छोटी असते पण दुखते फार आणि महिनोन् महिने भरत नाही, पेशंट काटा लागला म्हणून हळद लावत राहतात. अशी जखम झाली तर डॉक्टर औषध बदलतात, रुक्सोलिटिनिबसारख्या दुसऱ्या गोळ्या आहेत. आज संध्याकाळी ते पाय धुवून आले की दोन्ही घोटे आतून-बाहेरून उजेडात बघा, आणि काही दिसलं तर उद्याच्या फोनवर तेही सांगा.