सेलला पेशी म्हणू नका

'स्प्रेडशीटला मराठीत विस्तारपत्रक म्हणावं का, की सरळ एक्सेलच म्हणावं?' असा प्रश्न आला आहे. स्प्रेडशीट म्हणजे संगणकावरचा, हिशेब आपोआप करणारा तक्ता.

एक्सेल तर नकोच. ते एका कंपनीच्या मालाचं नाव, आणि वस्तू त्याहून जुनी. वर्गात फळ्यावर एक आकडा चुकला की त्यापुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागत. ते आपोआप व्हावं असं १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याला वाटलं. त्यानं आणि बॉब फ्रँकस्टननं केलेलं व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर आलं. रकाने ६३, ओळी २५४. एक्सेल आलं १९८५ मध्ये, तेही आधी मॅकिंटॉश संगणकावर.

विस्तारपत्रकही चुकीचंच. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'स्प्रेड' पाहिलं आणि 'पसरणे'चा संस्कृत शब्द काढला. हिशेबाची चोपडी उघडून समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून जो आडवा तक्ता मांडत, तो हा स्प्रेड. त्यात विस्तार पावत काहीच नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. परवा एका प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत वाचलं, 'योग्य पेशीत रक्कम भरा.' पेशीत! स्प्रेडशीटमध्ये ओळ आणि रकाना जिथे छेदतात त्या चौकटीला इंग्रजीत सेल म्हणतात, त्याचं हे भाषांतर. आयुर्वेदात पेशी म्हणजे स्नायू, मांसपेशी. जीवशास्त्रातल्या सेलला आपण पेशी म्हणतो ते ठीक. पण तिथेही सेल उसनाच आलेला आहे. रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला, त्याला रिकाम्या खोल्यांची रांग दिसली, म्हणून १६६५ मध्ये त्यानं त्यांना सेल म्हटलं. मूळ लॅटिन 'सेला' म्हणजे साठवणीची खोली. धान्याची, दारूची. देवळाचा गाभारासुद्धा सेलाच.

आता आपला 'कोष्ठ' पाहा. अर्थ तोच, साठवणीची खोली. कोष्ठागाराचं झालं कोठार. कोठी, कोठा, कोठडी ही सगळी त्याचीच लेकरं. पोटालाही कोठा म्हणतात आणि ते साफ होईना की बद्धकोष्ठ. तुरुंगातल्या सेलला आपण कोठडी म्हणतो, तेव्हा कुणाला पेशी आठवत नाही! सेला आणि कोष्ठ सगोत्र नाहीत, तरी दोन्हीकडे धान्याच्या खोलीवरूनच कागदावरच्या चौकटीला नाव मिळालं. अशा कोष्ठांचं ते कोष्टक.

आणि इथे कोठा शोभतोही. बी१ मध्ये, म्हणजे बी रकान्याच्या पहिल्या ओळीत, सोसायटीचा मासिक दर १५०० लिहा, बी२ मध्ये घरं २४, बी३ मध्ये =बी१*बी२, म्हणजे दोन्हींचा गुणाकार. बी३ वर ३६००० दिसतील, पण आत साठवलेलं आहे ते सूत्र. दर १६०० करा, बी३ ला हात न लावता ३८४०० होतात. दारावर आकडा, कोठारात सूत्र. 'घर' किंवा 'चौकट' म्हटलं तर हे आतलं साठवण निसटतं. म्हणून मी कोठा म्हणतो, रकान्याला रकाना आणि अख्ख्या पानाला गणनकोष्टक.

त्यासाठी कोष्टक हा शब्द आधी हिंदीच्या तावडीतून सोडवायला हवा. हिंदीत कोष्ठक म्हणजे कंस. ते वाचून मराठी अर्जांवर 'कोष्टकात जन्मतारीख लिहा' असं छापू लागले आहेत. मराठीत ते 'कंसात'. कोष्टक पाढ्यांचं, वजनमापांचं.