घटस्फोटाचा अर्ज केलेला नसताना मुलाचा संयुक्त ताबा न्यायालयातून कसा ठरवून घ्यावा?

तुम्ही लिहिले आहे की पत्नी आणि तुम्ही आठ महिन्यांपासून वेगळे राहता, घटस्फोटाचा अर्ज अद्याप कोणीच केलेला नाही, सहा वर्षांचा मुलगा सध्या आईजवळ आहे, दोघांची घरे एकाच शहरात आहेत आणि दोघांनाही त्याला वाढवायचे आहे. संयुक्त ताबा, म्हणजे मुलाला दोघांनी वाटून सांभाळण्याची व्यवस्था, मिळतो का, त्यासाठी आधी घटस्फोट घ्यावा लागतो का आणि वकिलाशिवाय हे जमते का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी वकील नाही. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्या वडिलांनी आणि मी कुटुंब न्यायालयात सहमतीच्या अटी दाखल केल्या, आणि त्याआधीचे दीड वर्ष आम्ही एकमेकांविरुद्ध भांडण्यात घालवले. त्या अनुभवावरून आणि त्या काळात वाचलेल्या कायद्यावरून हे उत्तर लिहीत आहे.

घटस्फोट आवश्यक नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण यांविषयी आदेश मागता येतात, पण त्यासाठी त्या अधिनियमाखालचा एखादा अर्ज, म्हणजे घटस्फोटाचा, न्यायिक विभक्ततेचा (विवाह न मोडता वेगळे राहण्याचा) किंवा तत्सम, न्यायालयात असावा लागतो. तसा अर्ज नसेल तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा मार्ग खुला आहे आणि तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. हा अर्ज मूल जिथे सामान्यतः राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो. कुटुंब न्यायालय असेल तिथे त्या न्यायालयात, नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. याच कारणाने एक विनंती करते: रागाच्या भरात मुलाला दुसऱ्या गावी नेऊन ठेवू नका आणि पत्नीनेही तसे करू नये. त्यातून अर्ज कोणत्या न्यायालयात चालावा याचाच वेगळा वाद उभा राहतो आणि तोवर मुलाची शाळा बुडते.

वकिलाविषयी कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चे कलम १३ असे सांगते की पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. न्यायालय तशी परवानगी देऊ शकते आणि प्रत्यक्षात ती बहुधा दिली जाते. म्हणजेच तुम्ही स्वतः उभे राहू शकता. तरीही सहमतीच्या अटींचा मसुदा एकदा जाणकाराच्या नजरेखालून घालून घ्यावा असे माझे मत आहे. तुमच्या पत्नीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, कारण स्त्रिया आणि मुले यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे तुम्हीच त्यांना सांगितलेत तर बरे होईल. समोरच्या व्यक्तीला तिचा हक्क माहीत असला की तिची भीती कमी होते आणि बोलणे सोपे जाते.

आता मुख्य प्रश्न. ‘संयुक्त ताबा’ हा शब्द हिंदू विवाह अधिनियम आणि पालक व पाल्य अधिनियम या दोन्हींत तुम्हाला सापडणार नाही. कायद्यांत सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेल्या २५७ व्या अहवालात त्याची तरतूद करण्याची शिफारस केली होती, परंतु कायद्यात तसा बदल झालेला नाही. तरीसुद्धा न्यायालये असे आदेश देतात, कारण मुलाचे हित सर्वोच्च मानायचे हे तत्त्व त्यांना तेवढी मोकळीक देते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात स्पष्ट केले की मुलाला, विशेषतः लहान वयाच्या मुलाला, आई आणि वडील दोघांचेही प्रेम व सहवास लागतो आणि तो त्याचा हक्क आहे. ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला नुसत्या भेटीच नव्हे, तर फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून नियमित संपर्काचीही सोय असावी, असे त्या निकालात सांगितले आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, अशी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मधील तरतूद तुमचा मुलगा सहा वर्षांचा असल्यामुळे आता लागू होत नाही, पण म्हणून पारडे आपोआप तुमच्या बाजूला झुकेल असेही समजू नका. गेले आठ महिने मुलाचा दिवस कसा जातो, त्याची शाळा, त्याचे दुखणेखुपणे कोण पाहते, हे न्यायाधीश बारकाईने विचारतात. मूल समजदार असेल तर त्याचे म्हणणेही विचारात घेतले जाते. सहा वर्षांच्या मुलाच्या शब्दांना किती वजन द्यायचे हे न्यायाधीश ठरवतात आणि बहुतेक वेळा त्याच्याशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात. त्या भेटीआधी त्याला काहीही पढवू नका. पढवलेले मूल न्यायाधीशांना दोन मिनिटांत कळते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आईवडिलांपैकी एकाची निवड करण्याचे ओझे त्या वयात कोणाच्याही डोक्यावर नसावे.

हे सारे लिहिले तरी माझ्या अनुभवात आदेश हा शेवटचा आणि छोटा भाग होता. तुमच्या पत्रात ‘पन्नास टक्के दिवस’ असा उल्लेख आहे. आम्हीही तिथूनच सुरुवात केली होती. माझ्या पहिल्या वकिलांनी केलेल्या अर्जात पंधरा पाने तिच्या वडिलांवरच्या आरोपांची होती आणि मुलीच्या दिवसाविषयी जेमतेम एक परिच्छेद होता. तो अर्ज मी वाचला, त्याखाली सही केली आणि ते मला आजही लागते, कारण ती कागदपत्रे कधीतरी तिच्या हाती पडू शकतात.

पुढे प्रकरण विवाह समुपदेशकांकडे गेले. महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांत हे समुपदेशक न्यायालयाचाच भाग असतात. तडजोडीचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम ९ नुसार न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि ते काम बरेचसे त्यांच्या खोलीत होते. तिथे तुम्ही जे बोलता ते गोपनीय राहते, त्यामुळे मोकळेपणाने बोला. आमच्या समुपदेशक बाईंनी पहिल्या तासाला एकही आरोप ऐकून घेतला नाही. त्यांनी आम्हा दोघांना एकेक कोरा कागद दिला, खोलीच्या दोन टोकांना बसवले आणि मुलीच्या एका आठवड्याचे वेळापत्रक लिहायला सांगितले: किती वाजता उठते, डबा कोण करते, कोणत्या वारी कोणती शिकवणी, रात्री झोपताना काय लागते. वीस मिनिटांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले. तिच्या नृत्याचा वर्ग तिच्या वडिलांनी मंगळवारी लिहिला होता, तो गुरुवारी असे. मी अभिमानाने लिहिलेल्या कागदात तिच्या रात्रीच्या गोळीचे नावच नव्हते; डॉक्टरांकडे तिला तिचे वडील नेत असत, मी नव्हे. बाई काहीच बोलल्या नाहीत. आम्ही दोघे आपापल्या कागदाकडे बघत बसलो आणि दीड वर्षात पहिल्यांदा मला वाटले की तिच्या आयुष्याचा अर्धा भाग मला माहीत नाही. आमच्या अटींचा मसुदा त्याच दोन कागदांवरून तयार झाला.

म्हणून सांगते, दिवसांची टक्केवारी आधी ठरवू नका. मुलाच्या आठवड्यापासून सुरुवात करा आणि मग अटी लिहा. त्या अटी जितक्या नेमक्या तितके पुढे भांडण कमी. आमच्या पहिल्या तात्पुरत्या व्यवस्थेत ‘शनिवार-रविवार वडिलांकडे’ एवढेच लिहिले होते. एका रविवारी मी सायंकाळी सहा वाजता तिला घ्यायला गेले, तिच्या वडिलांचे म्हणणे होते की सोमवारी सकाळी ते तिला थेट शाळेत सोडणार आहेत. इमारतीच्या फाटकाशी आमचा आवाज चढला आणि ती दप्तर पाठीला लावून, पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरून आमच्यामध्ये उभी राहिली. अंतिम अटींत आम्ही मग वार, वेळ, जागा आणि कोणी पोहोचवायचे हे चारही लिहिले. शक्य असेल तर मुलाची ने-आण शाळेतूनच ठेवा. एका पालकाने सकाळी सोडायचे, दुसऱ्याने दुपारी आणायचे. त्यामुळे आईवडील समोरासमोर येत नाहीत आणि मुलाला दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत उभे राहावे लागत नाही.

सुट्ट्यांसाठी वेगळे कलम हवे. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी. वाढदिवशी दुसऱ्या पालकाला निदान दोन तास. व्हिडिओ कॉलची वेळ लिहा आणि त्या वेळी मूल खोलीत एकटे असावे हेही लिहा. शाळा बदलणे, शस्त्रक्रिया, पासपोर्ट आणि परदेश प्रवास यांना दोघांची लेखी संमती लागावी. पासपोर्ट कोणाकडे राहील तेही नमूद करा. मूल आजारी पडले तर त्या दिवशीची फेरी रद्द होते की नाही, आजी-आजोबा त्याला शाळेतून आणू शकतात की नाही, घर बदलायचे असेल तर किती दिवस आधी कळवायचे, या गोष्टी आज क्षुल्लक वाटतील, पण पुढच्या तक्रारी इथूनच उगवतात. मतभेद झाल्यास आधी समुपदेशक किंवा मध्यस्थ आणि मगच न्यायालय, अशी एक अटही घाला. मुलगा वयाने वाढेल तशी व्यवस्था जुनी होणार, म्हणून ठरावीक इयत्तेला फेरविचार करण्याचे कलम आम्ही घातले होते आणि त्याचा उपयोग झाला.

खर्चाविषयी एक गैरसमज दूर करते. ताबा संयुक्त झाला म्हणजे पोटगी संपली असे होत नाही. मुलाच्या पालनपोषणाचा हक्क मुलाचा असतो, आईवडिलांना तो आपसात सोडून देता येत नाही. ज्याचे उत्पन्न जास्त त्याचा वाटा जास्त, हे सरळ आहे. पोटगीचा प्रश्न न्यायालयापुढे आला तर रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानुसार दोघांनाही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते खरे लिहा.

मात्र हे सगळे ज्या घरात मारहाण किंवा धाक नाही तिथल्यासाठी लिहिले आहे. जिथे आईला किंवा मुलाला जिवाची भीती आहे, तिथे संयुक्त ताब्याचा आग्रह धरू नये. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकतात आणि भेटींमुळे मुलाला इजा होईल असे वाटल्यास भेटी नाकारूही शकतात. तसे असताना ‘मुलासाठी जुळवून घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांचे ऐकू नका, मग ते घरचे असोत की बाहेरचे.

तुमच्या बाबतीत क्रम असा राहील. पत्नी तयार असतील तर संयुक्त अर्ज आणि सोबत सहमतीच्या अटी, दोघांच्या सह्यांनिशी. न्यायाधीश दोघांनाही प्रत्यक्ष विचारून खात्री करतात की सही दबावाखाली झालेली नाही आणि अटी मुलाच्या हिताच्या आहेत, मगच त्यानुसार आदेश होतो. त्या तयार नसतील तर तुम्ही एकट्याने अर्ज करा आणि त्याच्यासोबतच अंतरिम भेटींसाठी वेगळा अर्ज द्या. मूळ अर्जाला कितीही वेळ लागला तरी मुलाची आणि तुमची गाठ तुटता कामा नये. त्या अंतरिम अर्जात मोठी मागणी करू नका. दर आठवड्याला दोन संध्याकाळी मागा, वेळेवर जा, वेळेवर परत सोडा. सहा महिने पाळलेली साधी वेळ ही न्यायालयापुढे कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक बोलते.

ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. आदेश पाळला गेला नाही तर त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल करता येते. वादातून झालेल्या अंतिम आदेशावर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, पण सहमतीने झालेल्या आदेशावर अपील चालत नाही. म्हणून सही करण्याआधी मसुदा घरी नेऊन दोन रात्री वाचा.

आदेश झाल्यावर त्याच्या प्रमाणित प्रती मागून घ्या, एक स्वतःसाठी, एक पत्नीसाठी आणि एक शाळेसाठी. मुलाला कोणत्या वारी कोण न्यायला येणार हे वर्गशिक्षकांना माहीत असले पाहिजे. आम्ही ती प्रत दोघांनी मिळून शाळेच्या कार्यालयात नेऊन दिली आणि तिच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर दोघांचेही फोन क्रमांक एकाखाली एक लिहिले.