शहरातल्या ज्येष्ठांच्या जगण्याचा दर्जा मोजायला कोणती प्रश्नावली वापरावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन प्रश्नावल्या जोडीने वापरा: २६ प्रश्नांची ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ’ आणि खास ज्येष्ठांसाठीची २४ प्रश्नांची ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ओल्ड’. पहिलीत शरीर, मन, नातेसंबंध आणि परिसर येतात. शहरासाठी परिसराचा भाग फार मोलाचा, कारण सुरक्षितता, प्रवासाची सोय, हाताशी असलेला पैसा, दवाखाना गाठता येणं हे सगळं त्यातच विचारलेलं असतं. दुसरी प्रश्नावली दिसण्या-ऐकण्यातली घट, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा, मृत्यूची भीती यांकडे वळते; सर्वसाधारण प्रश्नावलीत नेमकं हेच सुटतं. मात्र उत्तरं ज्येष्ठांकडूनच आणि शक्यतो एकांतात घ्या. घरचं कुणी शेजारी बसलं की ‘सगळं छान चाललंय’ एवढंच ऐकू येण्याचा धोका असतो, आणि मग एकटेपणाचे आकडे खोटे पडतात.