लेकाला जरा वेळ द्या की!

न्यू जर्सीहून एका आईचं लांबलचक पत्र आलंय. त्यात चार-पाच प्रश्न आहेत, पण मी बोलणार आहे ते मुख्यतः एकावरच, कारण त्या एकाने माझी झोप उडवलीय. ती लिहिते:

"काकू, माझा लेक आठ वर्षांचा आहे. घरी तोंड बंद नसतं पण मंडळात गेलं की माझी ओढणी सोडत नाही. गणपतीत श्लोक म्हणायला स्टेजवर गेला आणि नुसता उभा राहिला, मला इतकं कसंतरी झालं. टीचरपण प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते की वर्गात बोलत नाही. यांनी घरात सगळ्यांची ती ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट केली, त्याला आयएनएफपी आलं, म्हणजे शांत, आपल्यातच रमणारा, आणि मला ईएसएफजे, म्हणजे माणसांत रमणारी. हे म्हणतात त्याचा टाइपच तो, सोडून दे. कोणी घरी आलं की मी आधीच सांगून टाकते, ही इज शाय, म्हणजे लोकांना वाईट वाटायला नको. पुढे कसं होणार याचं?"

अगं, लोकांना वाईट वाटायला नको म्हणून तू लेकाला दारातच वाईट वाटायला लावतेस का? तो तिथेच उभा असतो ना तुझ्या मागे, ऐकतो ना सगळं! आठ वर्षांचं पोर आईच्या तोंडून शंभरदा तेच ऐकतं आणि मग तेच खरं धरून चालतं. हे आजपासून बंद कर. कोणी विचारलं तर "बोलेल थोड्या वेळाने" एवढंच म्हण आणि चहाचं बघ.

आता टेस्टमधली ती चार अक्षरं. तुझ्या मिस्टरांना सांग, कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये माणसांच्या प्रकारांवर पुस्तक लिहिलं, त्याचा आधार घेऊन कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती प्रश्नावली बनवली, दोघीही शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. गप्पा मारायला छान आहे, माझी हरकत नाही. पण तीच टेस्ट काही आठवड्यांनी परत दिली की बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. कारण साधं आहे, बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, आणि सरासरी उंचीवर रेघ मारून वरचे सगळे उंच, खालचे सगळे बुटके म्हटलं तर रेघेजवळच्यांचं काय होईल, तसंच हे. त्यात ती मोठ्यांसाठीची टेस्ट, आठ वर्षांच्या मुलाला कशाला लावायची?

स्वभाव जन्मतः काही नसतोच असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे नवरा-बायको, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभरावर मुलं अगदी तान्ही असल्यापासून मोठी होईपर्यंत पाहिली. त्यात ४० टक्के मुलं सहज रुळणारी, १० टक्के अवघड, आणि साधारण १५ टक्के अशी की नवीन माणूस, नवीन खोली, नवीन भाजी काहीही आलं की आधी मागे सरकणार, लांबून बघणार, आणि सवडीने पुढे येणार. बाकीची मिसळ. तुझा लेक त्या १५ टक्क्यांतला वाटतो मला. आणि त्या दोघांचं मोठं म्हणणं हे होतं की एकटा स्वभाव काही ठरवत नाही, तो स्वभाव आणि आजूबाजूची माणसं यांचं जुळतं की नाही यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. गुडनेस ऑफ फिट म्हणायचे ते त्याला. आता तू पडलीस बोलघेवडी, हॉलमध्ये पाय टाकला की दहा जणींना मिठी मारणारी (तूच लिहिलंयस!), तुझ्या वेगाने त्याने चालावं असं तुला वाटतं, आणि तो तिथेच अडतो.

आणि आपण देश बदललाय हे विसरू नकोस गं. आपल्या लहानपणी शाळेत बाई म्हणायच्या "शांत आहे हो, हुशार आहे", आई खूष व्हायची. इथे तेच मूल मीटिंगमध्ये काळजीचा विषय होतं. शिनयिन चेन नावाच्या संशोधकाने शांघायच्या शाळांमधली मुलं १९९०, १९९८ आणि २००२ मध्ये पाहिली. १९९० ला लाजरीबुजरी मुलं वर्गात आवडती होती, अभ्यासातही बरी होती, आणि २००२ पर्यंत तसलीच मुलं बाजूला पडायला लागली, उदास राहायला लागली, कारण मधल्या काळात शहर बदललं, पुढे पुढे करणाऱ्याची किंमत वाढली. म्हणजे बघ, स्वभाव तोच, भोवतालचं माप बदललं की त्याचा दोष होतो.

माझी धाकटी अशीच होती. माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला आली तेव्हा ही सोफ्याच्या मागे. आमच्या जाऊबाई "आजीला पापा दे, दे ना, अशी काय करतेस" करून मागे लागल्या की ती अजून आत. आई एक अवाक्षर बोलली नाही. एका दुपारी तिने किचनच्या फरशीवर ग्रोसरीच्या जाहिरातींचे कागद पसरले आणि कोथिंबीर निवडायला बसली. पोरगी आली, हातभर लांब बसली. आईने वर न बघता एक जुडी तिच्याकडे सरकवली. बराच वेळ दोघी नुसत्या निवडत होत्या, मग हळूच आवाज आला, "आजी, हे पिवळं झालंय, टाकू?" त्यानंतर आजी परत जाईपर्यंत तिचा पदर सुटला नाही. आज ती नर्स आहे, घाबरलेले पेशंट तिच्यापाशी बोलतात, आणि पार्टीत अजूनही पहिला अर्धा तास भिंतीला टेकूनच उभी असते. असू दे ना!

तर तू काय कर, मंडळाच्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी जा, हॉल रिकामा असताना, म्हणजे एकेक माणूस येताना त्याला दिसेल, गर्दी एकदम अंगावर येणार नाही. हातात काम दे, प्रसादाच्या वाट्या भरणं, खुर्च्या लावणं, काहीही. श्लोक म्हणायचाच तर पुढच्या वर्षी तीन-चार मुलांबरोबर. व्हिडिओ कॉलवर "बोल ना आजोबांशी" करू नकोस, त्याला लेगो घेऊन बसव आणि आजोबांना नुसतं बघू दे, तो आपणच दाखवायला लागेल. टीचरला सांग की प्रश्न आदल्या दिवशी कळला तर तो उत्तर तयार करून येईल, आधी शेजारच्या मुलाशी बोलू दे मग वर्गासमोर. टीचर लोक करतात हे, विचारावं लागतं फक्त. पण "सोडून दे" हेही चालणार नाही, मिस्टरांना कळव. न्यायचं रोज थोडं पुढे, त्याच्या चालीने.

एक गोष्ट मात्र नीट बघ. टीचर म्हणते बोलत नाही, म्हणजे कमी बोलतो की एक शब्दही नाही? घरी घडाघडा आणि शाळेत महिन्याहून जास्त अगदी मौन, मित्राशीसुद्धा नाही, असं असेल तर पीडियाट्रिशियनला सांग. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, ती भीती असते, हट्ट नव्हे, आणि लवकर मदत मिळाली तर मुलं छान बाहेर येतात.

तुझे बाकीचे प्रश्न पटकन. मिस्टर "मी इंट्रोव्हर्ट" म्हणून आईला फोनसुद्धा करत नाहीत, हे नाही चालायचं, पार्टी टाळा खुशाल, आईला रविवारी दहा मिनिटं फोन झालाच पाहिजे. मराठी शाळेत घालू का विचारतेस, तर घाल, बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) शाळांत वर्ग लहान असतात बऱ्याचदा, आधी एकदा त्याच्या शेजारी बसून ये. आणि सासूबाई सहा महिने येतायत त्याचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, त्यांना फक्त आधीच सांगून ठेव की एअरपोर्टवर नातवाकडून मिठीची अपेक्षा ठेवू नका, आणि व्हिजिटर इन्शुरन्स, म्हणजे पाहुण्यांचा आरोग्य विमा, तिकिटाबरोबरच काढ.