वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे: कोऱ्या कॅसेटचे वेष्टन

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत जुन्या, न वापरलेल्या कोऱ्या कॅसेटींविषयीची पत्रे लक्षणीय होती. गाणी भरलेल्या कॅसेटी जपण्याविषयी बरेच लिहिले जाते, कारण त्यांत कोणाचा तरी आवाज असतो. कोऱ्या कॅसेटमध्ये ऐकण्यासारखे काहीच नसते. ती कोणी बनवली, कधी बांधली, कोठे व किती रुपयांना विकली, हे सगळे तिच्या वेष्टनावर असते, म्हणून ते वेष्टन गेले की उरलेल्या वस्तूला सांगण्यासारखे फार थोडे राहते. निवडक चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांचे १९८०च्या दशकात कॅसेट भरून देण्याचे दुकान होते. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांच्या सुमारे चाळीस कोऱ्या कॅसेटी सापडल्या. काही साठ मिनिटांच्या, काही नव्वद मिनिटांच्या, सर्व सीलबंद. काहींचा जिलेटीन कागद आखडून ताणला गेला आहे, काहींचा कोपऱ्यावर फाटला आहे. आईने ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या; त्या ज्या कोपऱ्यात होत्या तेथील डब्या धुरकट झाल्या आहेत आणि हाताला चिकट लागतात. आता काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सर्वप्रथम डांबराच्या गोळ्या काढून टाका, आणि काढल्यावर ट्रंक दोन-चार दिवस सावलीत उघडी ठेवा. कॅसेटची कडक पारदर्शक डबी बहुधा पॉलिस्टायरिनची असते, आणि या नॅफ्थलीनच्या गोळीची वाफ या प्लास्टिकमध्ये मुरून त्याला मऊ करते. आपल्या घरांतून लोकरी कपडे याच गोळ्यांच्या भरवशावर टिकले, त्यामुळे आईंनी केले ते मायेनेच केले. पण कापडाला चालते ते या डबीला चालत नाही. मोकळ्या हवेत मुरलेली वाफ हळूहळू निघून जाईल आणि चिकटपणा कमी होईल, मात्र पृष्ठभागावर आलेला धुरकटपणा परत जाणार नाही. तो घासून काढण्याचा प्रयत्न करू नका. चिकट डब्या एकमेकींना टेकू न देता सुट्या मांडा, नाहीतर एकीचा कागद दुसरीला कायमचा धरून बसेल.

आता त्या जिलेटीन कागदाकडे येऊ. आपण ज्याला सर्रास जिलेटीन म्हणतो तो प्रत्यक्षात सेलोफेन असतो आणि त्यात जिलेटीनचा अंशही नसतो. लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजपासून तो बनतो, म्हणजे नात्याने तो प्लास्टिकपेक्षा कागदाच्या जवळचा आहे. तो लवचीक राहावा म्हणून त्यात ग्लिसरीनसारखा पदार्थ आणि थोडा ओलावा राखलेला असतो. माळ्यावर पत्र्याखालच्या उन्हाळ्यात हा ओलावा उडाला की कागद आखडतो, ताणतो आणि डबीच्या टोकदार कोपऱ्यावर नेमका फाटतो. पावसाळ्यात तोच पुन्हा ओलावा घेऊन सैल पडतो. आखडणे आणि सैल पडणे असे चाळीस पावसाळे चालले म्हणजे काय होते, ते तुमच्या हातात आहे.

पुढील काळातील बऱ्याच कॅसेटींवर मात्र सेलोफेनऐवजी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिला हवेतल्या ओलाव्याचे फारसे सोयरसुतक नसते. दोन्ही ओळखणे कठीण नाही. ट्रंकेच्या तळाशी पडलेली एखादी कपची घ्या (कॅसेटवरचा तुकडा तोडू नका) आणि तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवा. सेलोफेन असेल तर ती थोड्या वेळाने मऊ पडून सुरकुतेल, पॉलिप्रॉपिलीन असेल तर थेंब नुसता ओघळून जाईल. ही ओळख पटली की कोणत्या कॅसेटींना अधिक जपायचे, हे ठरवता येते.

फाटलेल्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावू नका, ही विनंती मी कळकळीने करतो. मी स्वतः ऐन विशीत एका नव्वद मिनिटांच्या जपानी कॅसेटच्या फाटक्या कोपऱ्याला पारदर्शक चिकटपट्टी लावली होती. दहा-बारा वर्षांनी पाहिले तेव्हा पट्टी सुकून गळून पडली होती, तिचा डिंक मात्र पिवळा होऊन सेलोफेनमध्ये उतरला होता आणि त्याच्याखालचा सोनेरी अक्षरांचा भाग त्या डागाआड कायमचा गेला. न चिकटवता ठेवला असता, तर तो कोपरा आजही जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा फाटका कोपराच राहिला असता. रबर बँडही तितकाच वाईट. तो वितळून डबीला चिकटतो आणि तपकिरी वळ ठेवून जातो.

यापेक्षा साधा उपाय असा की प्रत्येक कॅसेट स्वतंत्र, थोड्या सैल पारदर्शक पिशवीत ठेवावी, म्हणजे कपच्या सुटल्या तरी त्या पिशवीतच राहतात. नवे सदरे ज्या कुरकुरीत पारदर्शक पिशव्यांत येतात, त्या बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि या कामाला चांगल्या. त्यांच्या तोंडाला डिंकाची पट्टी असेल तर ती आधी कापून टाका, कारण कॅसेट आत सरकवताना ती नेमकी वेष्टनाला धरते. पीव्हीसीची पिशवी मात्र अजिबात नको. तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य पाझरते आणि ते पॉलिस्टायरिनच्या डबीला खाते. नव्या रेनकोटला किंवा टेबलावर घालायच्या प्लास्टिकला जो उग्र वास येतो, तो वास पिशवीला येत असेल तर ती बाजूला ठेवा. पिशवीवर त्रिकोणात आकडा छापलेला असल्यास ५, ४ किंवा २ चालेल, ३ नाही.

आणखी एक सुचवतो. या कॅसेटी कोणत्या दुकानाच्या होत्या, कोणत्या गल्लीत ते दुकान होते, वडील गाणी भरायला किती घेत, हे आईंना विचारून एका कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि तो कागद पिशवीबाहेर, खोक्यात ठेवा. वेष्टन कितीही जपले तरी ही माहिती त्यावर कधीच येणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते. उघडलेल्या कॅसेटींच्या आतील इनले कार्डांवर (डबीत दुमडून घातलेल्या छापील कार्डांवर) पांढरे ठिपके दिसू लागले आहेत आणि दोन कार्डांच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत. कार्डे लॅमिनेट करून घ्यावीत का? सगळ्या कॅसेटी हवाबंद डब्यात भराव्यात का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लॅमिनेशन करू नका. त्यात कार्ड उष्णतेने आणि डिंकाने प्लास्टिकमध्ये कायमचे बंद होते, ते पुन्हा सुटे करता येत नाही, आणि घडीवर दुमडून डबीत परत बसतही नाही. इनले कार्डाची ती इंग्रजी जे अक्षरासारखी घडी हाच त्याचा निम्मा जीव आहे.

पांढरे ठिपके असलेली कार्डे कोरड्या दिवशी, घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने हलके झटका. ओल्या फडक्याने पुसाल तर बुरशी कागदात आणखी पसरेल. कसरीसाठी कार्ड डबीतून बाहेर काढा, पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत घट्ट बंद करा, घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता एक दिवस तशीच राहू द्या, म्हणजे बाहेरच्या हवेचे पाणी कार्डावर धरणार नाही. हे फक्त कार्डासाठी. कॅसेट फ्रीजरमध्ये घालू नका. टेपच्या लेपातील वंगण थंडीने वेगळे होऊन वर येऊ शकते. सीलबंद कॅसेटीलाही म्हणूनच हा उपाय लागू नाही.

हवाबंद डब्याच्या बाबतीत कोकणात एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जुलै महिन्यात डबा बंद केलात तर जुलैची हवा आत कोंडली जाईल. डबा भरायचा तो हिवाळ्यातील कोरड्या दुपारी, आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कापडी पिशवीत घालून, वेष्टनाला टेकणार नाहीत अशा ठेवाव्यात. रंग बदलणारे जेल घेतले तर ते केव्हा तापवून पुन्हा वापरायचे, ते रंगावरून कळते. मात्र जेल ढीगभर घालू नका. हवा फार कोरडी झाली तर सेलोफेन तडकते, त्यामुळे आपल्याला रखरखीतपणा नको, स्थिरता हवी. या पुड्यांइतकाच एक लहान आर्द्रतामापक उपयोगी पडतो, थोडा महाग पडला तरी घ्यावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम. ६५च्या वर दिवसच्या दिवस राहू लागला की बुरशीचे फावते.

डबा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको. वाळवी तेथूनच येते. कॅसेटी आडव्या थप्पीने न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आणि इतक्या दाटीने नको की एक काढताना शेजारणीचा कागद घासला जाईल.

प्रश्न : माझा मामा कुवेतला होता. त्याने आणलेल्या जपानी बनावटीच्या सीलबंद कॅसेटींवर तिकडच्या दुकानाची अरबी आकड्यांची चिकट चिठ्ठी आहे. ती निलगिरी तेलाने किंवा हेअर ड्रायरने निघते, असे एकाने सुचवले. काढावी का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : काढू नये. हेअर ड्रायरच्या उष्णतेने वेष्टन क्षणात आक्रसते. निलगिरी तेल, संत्र्याच्या सालीचे तेल, पेट्रोल, नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य, हे सगळे पॉलिस्टायरिनला विरघळवतात किंवा त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटवतात. सालीचा रस थर्मोकोलवर पिळून पाहिलात तर ते काय करते ते डोळ्यांदेखत दिसेल, कारण थर्मोकोलही पॉलिस्टायरिनच आहे.

पण समजा, चिठ्ठी सुखरूप निघाली असती, तरी मी ती काढू दिली नसती. ती कॅसेट जपानहून आखातात आणि तेथून तळकोकणात आली, हा प्रवास त्या एका चिठ्ठीवर आहे. कोकणातल्या कितीतरी घरांत परदेशी कॅसेट याच वाटेने, कोणाच्या तरी बॅगेतून, साबण आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर आली. भारतात विकलेल्या कॅसेटींवरचा छापील मजकूरही असाच मोलाचा आहे. १९७७च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार वेष्टनावर किंमत आणि बांधणीचा महिना व वर्ष छापणे बंधनकारक होते, त्यामुळे पाठीमागे रबरी शिक्क्याने मारलेली ती फिकट जांभळी ओळ भिंगाखाली धरली, तर अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही. हा शिक्का सर्वांत आधी पुसट होतो. शक्य तितक्या लवकर सहाही बाजूंची छायाचित्रे घ्या, आणि चकाकी टाळण्यासाठी खिडकीचा प्रकाश तिरपा येईल असे बसा. त्यानंतर कॅसेट उजेडात मांडून ठेवू नका. छपाईतील लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, आणि काचेच्या कपाटात काही वर्षे राहिलेली कॅसेट निळसर, फिकट दिसू लागते ती त्यामुळेच.

प्रश्न : जुन्या बाजारात मला एक सीलबंद कॅसेट मिळाली. तिचे सील मूळचे आहे की नंतर मारलेले, हे कसे ओळखावे? आणि मूळचे असेल, तर ती कधीच उघडू नये का? शिवाय माझे कपाट स्पीकरला लागून आहे, त्याने टेप खराब होईल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. कोऱ्या टेपवर पुसले जाण्यासारखे काही नाही. स्पीकरच्या चुंबकाने तिच्यावर काही उमटलेच, तरी ध्वनिमुद्रण करताना यंत्राचे इरेज हेड ते पुसून टाकते. तरीही कपाट हलवा, पण स्पीकरच्या कंपनांनी डब्या एकमेकींवर घासतात म्हणून.

मूळ वेष्टनाच्या दोन्ही टोकांना भेटवस्तूच्या पुडीसारख्या नेटक्या घड्या असतात, त्या उष्णतेने दाबून सपाट बसवलेल्या असतात, आणि बहुधा डबीभोवती एक बारीक रंगीत किंवा सोनेरी पट्टी फिरते. तिचे सुटे टोक नखाने पकडून ओढले की वेष्टन सरळ रेषेत फाटत जाते. ज्यांनी ते केले आहे त्यांना तो चुर्र असा आवाज अजून आठवत असेल. नंतर मारलेली फिल्म गरम हवेने आखडवलेली असते; तिच्यात कडेने एक सलग जोड दिसतो, कोपऱ्यांवर बारीक चुण्या पडतात, आणि हवा निघून जाण्यासाठी पाडलेली टाचणीएवढी भोकेही अनेकदा सापडतात. त्या काळी मोठ्या कंपन्यांच्या नावांत एखादे अक्षर बदलून केलेल्या नकलाही बाजारात फार होत्या, तेव्हा नावाचे स्पेलिंग अक्षर-अक्षर वाचा.

उघडण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. एकाच प्रकारची एकच असेल तर उघडू नका. दोन असतील तर एक जरूर उघडा, कारण सील आतल्या सगळ्या गोष्टींना वाचवत नाही. टेपला यंत्राच्या हेडवर (आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारी नमद्याची छोटी गादी काही कॅसेटींत स्पंजावर बसवलेली असते, आणि तो स्पंज बंद डबीतही भुकटी होतो. आत चिकट लेबलांची जी पट्टी असते तिचा डिंकही सुकतो. आत काय आहे हे एक उघडल्याशिवाय कळत नाही. उघडताना कात्री लावू नका, रंगीत पट्टीनेच उघडा, आणि सेलोफेन जुने असेल तर कोरडा उन्हाळा टाळून जून उजाडल्यावर उघडा, म्हणजे ते तडकणार नाही. निघालेले वेष्टन टाकू नका. घड्या न मोडता ते डबीएवढ्याच पांढऱ्या पुठ्ठ्यावर सैल चढवून त्याच पिशवीत ठेवा, आणि उघडल्याची तारीख बाहेरच्या कागदावर लिहा.