खांद्यात कॅल्शियम साचलंय, दूध-नाचणी बंद करू का?

दूध बंद करू नका, नाचणीची भाकरीही सोडू नका. खांद्याच्या एक्स-रेत दिसलेला पांढरा डाग जेवणातलं कॅल्शियम तिथं जाऊन बसल्यामुळं होत नाही. ती स्नायूच्या दोरीतली तिथल्या तिथली भानगड असते आणि रक्तातलं कॅल्शियम बहुतेकदा नॉर्मलच निघतं.

मला काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीची, 'डीची पुडी वर्षभर दर रविवारी घेतोय.' ती व्हिटॅमिन डीची पुडी ६०,००० युनिटची असते. रोज नव्हे, साधारण आठ आठवडे आठवड्याला एक, मग महिन्याला एक, असंच बहुतेक डॉक्टर लिहून देतात. बावन्न रविवार म्हणजे ३१ लाखांच्या वर युनिट झाले की ओ! सगळ्यांना बाधतं असं नाही, पण डी चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही.

आमची आत्या खानापूरकडची. गुडघे दुखतात म्हणून एकीकडं डीचं ६ लाख युनिटचं इंजेक्शन घेतलं, दुसरीकडं पुड्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. चिठ्ठी जुनी झाली तरी मेडिकलवाला देत राहिला. त्यात शेजारीण गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्यायला सांगून गेली. मग उलट्या, पोट साफ नाही, घसा कोरडा, रात्री चार-चार वेळा लघवी. आम्ही म्हटलं, शुगर असेल. बेळगावात रक्त तपासलं तर शुगर ठीक, कॅल्शियम १२.८. साधारण ८.५ ते १०.५ असायला हवं. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनीनही वाढलेलं. सलाईन लागलं, सगळ्या पुड्या-गोळ्या बंद झाल्या, तरी डी खाली यायला कित्येक महिने गेले. तिच्या बिस्किटाच्या डब्यात रिकाम्या पुड्या निघाल्या, मोजल्या तर एकेचाळीस.

मुतखड्याच्या भीतीनं दूध सोडणारे तर उलटंच करतात. जेवणातलं कॅल्शियम पालकासारख्या भाज्यांतल्या, मुतखडा करणाऱ्या ऑक्झलेटला पोटातच धरतं, म्हणून ऑक्झलेट रक्तात कमी जातं. कॅल्शियमची गोळी घ्यायचीच असेल तर जेवणाबरोबर घ्या.

येत्या रविवारी पुडी फोडू नका. रक्तातलं कॅल्शियम, डी आणि क्रिएटिनीन तपासून घ्या. डॉक्टरांकडं जाताना सगळी पाकिटं बरोबर न्या, बीपीच्या गोळीचंही. काही बीपीच्या गोळ्या कॅल्शियम वाढवतात.