वाचता न येणारा कोड शेअरिंग साइटवर घ्यावा का?

नाही, अजिबात घेऊ नये. लेखक ओळखीचा आहे, प्रोग्राम फुकट आहे, एवढ्यावर भागत नाही. २०२४ मधलं एक्सझेड या लिनक्सवर फाइली आकसून लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण बघा. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायची चोरवाट, घुसवलं होतं. ते दडवलं होतं चाचणीसाठीच्या बायनरी (माणसाला थेट वाचता न येणाऱ्या) फाइलींमध्ये, ज्या सहसा कोणी उघडून बघत नाही. आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनिअरना एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी खोदकाम केलं, म्हणून ते सापडलं. आणि तिथे तर बाकीचा सोर्स, म्हणजे वाचता येणारा मूळ कोड, उघडा होता! बायनरी द्यायचीच असेल तर सोबत पूर्ण सोर्स आणि बिल्ड करायची पद्धत द्या, म्हणजे दुसऱ्यालाही तीच फाइल बनवून ताडून बघता येईल.